पेटंट नेमकं कधी संपतं? इनपास आणि ई-रजिस्टर या मोफत सरकारी सेवेची पारख

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा नाहीतर जालन्याच्या एमआयडीसीत एखादा सुटा भाग, शेतीचं अवजार किंवा औषधाचा कच्चा माल बनवायला घ्यायचा म्हटलं की डायच्या खर्चाआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. यावर कुणाचं पेटंट आहे का, आणि असेल तर ते कोणत्या तारखेला संपतं? मराठवाड्यात पेटंट कार्यालय नाही. देशात ती चारच आहेत: कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि मुंबई. आपला भाग मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे येतो. त्यामुळे इथल्या कारखानदारासाठी पेटंट कार्यालय म्हणजे त्या खात्याची शोध-वेबसाइट, इनपास. ती २०१५ पासून चालू आहे, फुकट आहे आणि तिच्यावर खातं उघडावं लागत नाही.

मत आधीच सांगायचं तर ई-रजिस्टरला पाचपैकी साडेचार, अर्जाची स्थिती दाखवणाऱ्या पानाला चार आणि शोधाच्या पानाला तीन. एकूण सेवा वापरण्यासारखी आहे, आणि भारतातल्या पेटंटाच्या बाबतीत दुसऱ्या कुठल्याही साइटपेक्षा हिच्यावरच भिस्त ठेवावी. मात्र पेटंट संपण्याची तारीख इथं आयती लिहिलेली मिळत नाही. मूळ तारीख, अर्जाचा प्रकार, त्याच्या मागचा अर्ज आणि भरलेली फी या चार गोष्टी जुळवून ती आपणच काढायची. चारही गोष्टी साइटवर आहेत, पण वेगवेगळ्या पानांवर. कुठली कुठे बघायची आणि जुळवताना चूक कुठे होते, ते सविस्तर सांगतो.

सुरुवात अर्जाच्या क्रमांकापासून करा, कारण अर्धी माहिती त्यातच असते. जानेवारी २०१६ पासूनचे क्रमांक बारा अंकी आहेत. पहिले चार अंक वर्षाचे. पाचवा अंक कार्यालयाचा: १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. सहावा अंक अर्जाच्या प्रकाराचा, आणि मुदतीच्या हिशेबात सगळ्यात जास्त लक्ष याच्याकडेच द्यायचं. १ म्हणजे साधा भारतीय अर्ज, ४ म्हणजे परदेशातल्या आधीच्या अर्जाची तारीख सांगून केलेला अर्ज, ७ म्हणजे पीसीटी या आंतरराष्ट्रीय मार्गानं आलेला. याच तीन प्रकारांचे विभागलेले अर्ज २, ५, ८ वर येतात आणि सुधारणेची जोडपेटंटं ३, ६, ९ वर. उरलेले सहा अंक नुसता अनुक्रम. म्हणजे २०२३२१ ने सुरू होणारा क्रमांक दिसला की तो २०२३ मध्ये मुंबईत झालेला साधा अर्ज, आणि २०२०२२ दिसलं की तो मुंबईतलाच, पण आधीच्या कुठल्यातरी अर्जातून फोडलेला. २०१६ आधीच्या क्रमांकात मधे शहराची इंग्रजी अक्षरं आणि शेवटी वर्ष असतं. त्या अक्षरांना एन आणि पी जोडलेले असतील तर अर्ज पीसीटीतून आलेला आहे.

सहावा अंक १ किंवा ४ असेल तर क्रमांकातलं वर्ष धरून अंदाज चालतो. २, ५, ७, ८ असेल तर ते वर्ष हिशेबात धरूच नका, ते दिशाभूल करतं. ३, ६, ९ ची गोष्ट वेगळी, ती पुढे येते.

आता साइटवरची पानं. वर शोध, ई-रजिस्टर आणि अर्जाची स्थिती असे भाग दिसतात. अर्जाच्या स्थितीच्या पानाला अर्ज क्रमांक लागतो, ई-रजिस्टरला पेटंट क्रमांक. हे दोन वेगळे क्रमांक आहेत. एकाच्या जागी दुसरा टाकला की नोंद सापडत नाही आणि माणूस ‘पेटंट नाहीच’ असं समजून बसतो. हातात अर्ज क्रमांकच असेल तर आधी स्थितीचं पान उघडा. पेटंट मंजूर झालेलं असलं तर पेटंट क्रमांक तिथंच खाली मिळतो, तो घेऊन ई-रजिस्टरवर जा. प्रत्येक वेळी कॅप्चा भरावा लागतो आणि ब्राउझरचं मागं जाण्याचं बटण दाबलं की बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून दोन्ही पानं वेगवेगळ्या टॅबमध्ये उघडलेली बरी.

स्थितीच्या पानावर अर्जाची तारीख, अर्जाचा प्रकार, अग्रक्रमाची तारीख (म्हणजे त्याच शोधावरच्या सगळ्यात पहिल्या अर्जाची), पीसीटी असेल तर आंतरराष्ट्रीय क्रमांक आणि त्याची तारीख, विभागलेला अर्ज असेल तर मूळ अर्जाचा क्रमांक आणि तारीख, एवढं टिपून घ्या. खालच्या कागदपत्रांच्या बटणात अर्जाचे फॉर्म, तपासणी अहवाल आणि त्याला दिलेली उत्तरं असतात. त्यातली बरीच कागदं स्कॅन केलेली आहेत, त्यामुळे आत शब्द शोधता येत नाही, एकेक पान वाचावं लागतं. तरीही विवरणाचा फॉर्म, म्हणजे फॉर्म २, उघडाच. अर्ज तात्पुरत्या विवरणाचा (शोधाची आधी दिलेली कच्ची माहिती) होता की पूर्ण, हे तिथं पक्कं कळतं.

भारताचा नियम दिसायला सरळ आहे. पेटंट कायदा १९७० चं कलम ५३ म्हणतं की मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. मंजुरीपासून नाही, प्रसिद्धीपासूनही नाही. मंजुरीला सात वर्षं लागली तर मालकाच्या हातात तेराच उरतात, आणि ती भरून देण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. गोंधळ होतो तो ‘अर्जाची तारीख’ कोणती यावर.

समजा लातूरच्या कुणी सोयाबीन मळणी यंत्राच्या जाळीसाठी १४ जुलै २०११ ला तात्पुरतं विवरण देऊन अर्ज केला आणि १० जुलै २०१२ ला पूर्ण विवरण भरलं. भारतात मुदत पहिल्या तारखेपासून मोजतात. पेटंट १४ जुलै २०३१ ला संपतं, २०३२ मध्ये नाही. अर्जदारानं मंजुरीआधी अर्जाची तारीख पुढे ढकलून घेतली असेल तरच हे बदलतं. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. तिथं तात्पुरत्या अर्जाचं वर्ष २० वर्षांत धरत नाहीत. अमेरिकी पुस्तकं किंवा व्हिडिओ पाहून भारतीय पेटंटाचा हिशेब करणाऱ्यांचा एक वर्षाचा घोळ इथंच होतो.

परदेशातला आधीचा अर्ज दाखवून केलेल्या अर्जाचं गणित आणखी निराळं. जर्मनीत आधी अर्ज केला आणि बारा महिन्यांच्या आत भारतात केला, तर नावीन्य जर्मन तारखेला तपासतात, पण २० वर्षं भारतीय अर्जाच्या तारखेपासून. अग्रक्रमाची तारीख मुदतीला लागत नाही.

पीसीटीत चूक सर्वांत मोठी होते. एक उदाहरण धरा: पहिला अर्ज ५ मार्च २०१०, आंतरराष्ट्रीय अर्ज ४ मार्च २०११, आणि भारतात दाखल ऑक्टोबर २०१२ मध्ये, कारण अग्रक्रमाच्या तारखेपासून ३१ महिने मिळतात. पानावर तिन्ही तारखा दिसतात. बरोबर तारीख मधली. पेटंट ४ मार्च २०३१ ला संपतं. भारतातल्या दाखल तारखेवरून मोजलं तर ऑक्टोबर २०३२ निघतो, म्हणजे बाजारात उतरायला दीड वर्षाहून जास्त उशीर. अग्रक्रमावरून मोजलं तर मार्च २०३० निघतो, आणि मग वर्षभर आधी माल विकून दावा अंगावर घ्यायचा.

कापसाचं उदाहरण तर मराठवाड्याच्या घरातलंच आहे. बोलगार्ड दोन या बीटी कापसातल्या जनुकाचं मोन्सँटोचं भारतीय पेटंट, क्रमांक २१४४३६, मंजूर झालं २००८ मध्ये. बियाणं भारतात २००६ मध्ये मान्य झालं होतं. पण आंतरराष्ट्रीय अर्ज नोव्हेंबर १९९९ चा, म्हणून पेटंट नोव्हेंबर २०१९ मध्येच संपलं. या पेटंटावरचा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल त्याच वर्षी जानेवारीत आला तेव्हा मुदतीचे दहाच महिने शिल्लक होते. चाचण्या आणि मंजुरीत गेलेली वर्षं कुणी परत दिली नाहीत. आणि बोलगार्ड एकवर तर भारतात पेटंटच नव्हतं. परदेशात पेटंट आहे म्हणून इथंही असेलच असं धरून चालू नये, याला यापेक्षा जवळचा दाखला नाही.

विभागलेला अर्ज कितीही उशिरा आलेला असो, कलम १६ प्रमाणे तो मूळ अर्जाच्या तारखेलाच केला असं मानतात. २०१४ च्या अर्जातून २०२० मध्ये फोडलेल्या अर्जाचं पेटंटही २०३४ मध्येच संपतं. नाव वेगळं, क्रमांक वेगळा, मंजुरी कदाचित २०२५ ची, पण शेवटची तारीख तीच. यात एक बारकावा आहे. मूळ पेटंट फी न भरल्यानं बंद पडलं तरी फोडलेलं स्वतंत्रपणे चालू राहतं, कारण त्याची फी वेगळी. मूळ बंद दिसलं म्हणून थांबू नका, त्याची सगळी पिल्लं तपासा. साइट मूळ अर्जावरून पिल्लांकडे बोट दाखवेलच असं नाही, पिल्लावरून मूळ अर्जाकडे दाखवते. म्हणून अर्जदाराच्या आणि संशोधकाच्या नावानं शोध घ्यावाच लागतो.

जोडपेटंट म्हणजे स्वतःच्याच पेटंटातल्या सुधारणेचं पेटंट. ते मुख्य पेटंटाबरोबर संपतं आणि त्याला वेगळी नूतनीकरण फी लागत नाही. मुख्य पेटंट रद्द झालं आणि जोडपेटंट स्वतंत्र करून दिलं, तरी उरलेली मुदतच मिळते, नवी वीस वर्षं नाहीत.

आता ई-रजिस्टर. ‘डेट ऑफ पेटंट’ आणि ‘डेट ऑफ ग्रँट’ हे दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. मुदत पहिलीवरून मोजायची. पीसीटीच्या बाबतीत तिथं आंतरराष्ट्रीय अर्जाची तारीख असायला हवी. स्थितीच्या पानावरच्या तारखेशी ती ताडून बघा, दोन्ही जुळल्या की त्यात २० वर्षं मिळवा. त्याखाली नूतनीकरणाचं कोष्टक आहे, आणि या सेवेला एवढे गुण द्यायचं कारण हे कोष्टकच. प्रत्येक वर्षासमोर फीची नेहमीची शेवटची तारीख, वाढीव मुदतीसह शेवटची तारीख, पावती क्रमांक, भरलेली रक्कम आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत नूतनीकरण झालं, हे सगळं दिसतं. वरची ‘चालू’ किंवा ‘बंद’ ही ओळ वाचून थांबू नका. कोष्टकात खाली जा आणि शेवटची भरलेली ओळ शोधा. पेटंट जिवंत आहे की नाही ते ती ओळच सांगते.

फी तिसऱ्या वर्षापासून लागते आणि दुसरं वर्ष संपायच्या आत भरायची असते. पुढेही तसंच, येणाऱ्या वर्षाची फी चालू वर्ष संपण्याआधी. ऑनलाइन भरताना व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरवर्षी ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००, अकराव्या ते पंधराव्यासाठी ४,८०० आणि सोळाव्या ते विसाव्यासाठी ८,०००. मोठ्या कंपन्यांना प्रत्येक टप्प्यावर याच्या पाचपट. पूर्ण वीस वर्षांचे लहानाला ७६,८०० आणि मोठ्याला ३,८४,००० रुपये होतात. मंजुरी उशिरा आली तर मागच्या वर्षांची साठलेली फी नोंदणीपासून तीन महिन्यांत भरायची. २०२४ च्या नियमांनंतर किमान चार वर्षांची फी एकदम ऑनलाइन भरली तर १० टक्के सूट मिळते, त्यामुळे कोष्टकात काही ओळी आगाऊ भरलेल्या दिसू शकतात. त्यावरून गोंधळू नका.

दहाव्या-बाराव्या वर्षानंतर फी चढते आणि मालकाला पेटंटाचा उपयोग नसेल तर तो भरत नाही. तारखेनं २०३४ पर्यंत असलेलं पेटंट २०२६ मध्येच बंद पडलेलं असू शकतं. लहान कारखानदाराला खरी संधी इथं मिळते. पण घाई नको. फीची तारीख चुकली तरी जादा फी भरून सहा महिन्यांपर्यंत ती भरता येते, म्हणून वाढीव मुदतीचा रकाना. त्यानंतर पेटंट बंद पडलं तरी मालकाला ते पुन्हा चालू करून घेण्यासाठी १८ महिन्यांत अर्ज करता येतो, फी चुकण्यामागं मुद्दाम केलेलं काही नव्हतं हे दाखवून. सुरक्षित हिशेब असा: फीच्या मूळ तारखेपासून २४ महिने उलटू द्या आणि पुनर्स्थापनेचा अर्ज प्रसिद्ध झालेला नाही याची पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक जर्नलमध्ये खात्री करा. मधल्या काळात, म्हणजे पेटंट बंद पडल्यापासून पुनर्स्थापनेचा अर्ज प्रसिद्ध होईपर्यंत, झालेल्या वापरावर दावा लावता येत नाही आणि त्या काळात सुरू केलेल्यांना संरक्षणाच्या अटी घातल्या जातात. पण त्या भरवशावर लाखो रुपयांची डाय टाकणं शहाणपणाचं नाही.

शोधाच्या पानाला तीनच गुण देण्याचं कारण नावं. एकाच कंपनीची नोंद ‘लिमिटेड’, त्याचं लघुरूप आणि कधी जुन्या नावानं, अशी पसरलेली असते. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा नावाचा ठळक तुकडा आणि पुढे तारका-चिन्ह टाका. तंत्राच्या शब्दांचंही तसंच. मळणी यंत्राला एकजण थ्रेशर म्हणेल, दुसरा ‘पीक वेगळं करणारं साधन’. वर्गीकरणाच्या संकेतानं शोधलं तर निकाल जास्त भरवशाचे येतात. मळणी यंत्रं आणि कापणीची साधनं ए-०१-एफ आणि ए-०१-डी मध्ये, पेरणीची ए-०१-सी मध्ये. शोधनिकालात दिसणारी स्थिती हा इशारा समजा, पुरावा नाही. प्रत्येक कामाच्या क्रमांकाचं ई-रजिस्टर स्वतंत्र उघडा.

एकाच वस्तूवर एकाहून जास्त पेटंटं असतात हेही डोक्यात ठेवा, औषधात तर हमखास. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनवर भारतात दोन होती: २०५१४७ हे २ ऑक्टोबर २०२० ला संपलं आणि २३५६२५ हे १५ मे २०२३ ला. पहिलं संपताच भारतीय कंपन्या बाजारात आल्या, मूळ कंपनीनं दुसऱ्याच्या जोरावर मनाई मागितली. एकाच शोधावर दोन पेटंटं धरून दावा करता येणार नाही या भूमिकेतून दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं जुलै २०२१ मध्ये मनाई नाकारली. अशा वेळी कोणती तारीख ‘खरी’ हे कोष्टक वाचून ठरत नाही, पेटंटात नेमका कशावर हक्क सांगितला आहे ती कलमं वाचावी लागतात. इथं पेटंट एजंट किंवा वकील लागतोच. वाळूजच्या औषध कारखान्यांसाठी आणखी एक गोष्ट: कलम १०७-अ प्रमाणे मुदत चालू असतानाही परवान्यासाठी लागणारी माहिती तयार करण्यापुरतं उत्पादन चालतं. विक्रीसाठी साठा करणं त्यात बसत नाही.

आता गूगल पेटंट्स. शोधायला ते इनपासपेक्षा कितीतरी सोपं, पेटंटाच्या कुटुंबातले, म्हणजे त्याच शोधाचे वेगवेगळ्या देशांतले अर्ज, सगळे एका पानावर, भाषांतर हाताशी. पण तिथली संभाव्य समाप्तीची तारीख संगणकानं काढलेली असते, आणि हा अंदाज आहे, कायदेशीर निष्कर्ष नाही, असं ते स्वतः लिहितात. भारतीय पेटंटाच्या चालू-बंद स्थितीसाठी त्यावर विसंबू नये. युरोपच्या पेटंट कार्यालयाच्या एस्पेसनेट या शोध-साइटचा उपयोग कुटुंब शोधायला उत्तम: परदेशी क्रमांक टाकला की त्याचा भारतीय भाऊ आहे का ते कळतं, मग तो क्रमांक घेऊन इनपासवर यायचं.

निर्यात करणाऱ्याला मात्र देशागणिक हिशेब करावा लागतो. मधुमेह आणि वजन कमी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेमाग्लूटाइड या औषधाच्या मूळ रेणूचा आंतरराष्ट्रीय अर्ज २० मार्च २००६ चा. भारतात आणि चीनमध्ये मुदत २० मार्च २०२६ पर्यंत. कॅनडात मालकानं फीच भरली नाही, म्हणून ते केव्हाच बंद पडलं. युरोपात मुदतवाढीनं २०३१ आणि अमेरिकेत २०३२, हे कंपनीचे स्वतःचे वार्षिक अहवाल सांगतात. अर्ज एक, तारीख एक, आणि पेटंट संपण्याची वर्षं चार तऱ्हेची.

अमेरिकेचं गणित सगळ्यात किचकट. ८ जून १९९५ पासूनच्या अर्जांना सर्वांत आधीच्या पूर्ण अमेरिकी अर्जापासून २० वर्षं. कंटिन्युएशन अर्ज, म्हणजे त्याच शोधावर पहिल्या अर्जाला जोडून केलेले नवे अर्ज, कितीही पुढं केले तरी मोजणी पहिल्यापासूनच. त्यावर पेटंट कार्यालयाच्या दिरंगाईचे दिवस मिळतात: पहिल्या उत्तराला १४ महिन्यांहून किंवा मंजुरीला ३ वर्षांहून जास्त लागले तर. हे दिवस पेटंटाच्या पहिल्या पानावर तारका-चिन्हाच्या सूचनेत छापलेले असतात. त्याच सूचनेत ‘टर्मिनल डिस्क्लेमर’ दिसला तर थांबा. मालकानं या पेटंटाची मुदत आपल्याच दुसऱ्या पेटंटाला बांधून घेतलेली असते, आणि दिरंगाईचे दिवस त्या खुंट्यापलीकडे जात नाहीत. औषधाच्या मंजुरीत गेलेल्या काळाची १९८४ च्या कायद्याची मुदतवाढ मात्र जाते. ती जास्तीत जास्त ५ वर्षं, मंजुरीपासून एकूण १४ वर्षांपेक्षा जास्त नाही, आणि एका उत्पादनासाठी एकाच पेटंटाला. ही वाढ पहिल्या पानावर नसते, कारण ती पेटंट मिळाल्यानंतर येते. औषधांसाठी तिथल्या औषध प्रशासनाची ऑरेंज बुक ही यादी बघा. तिच्यात वाढीव तारीख आणि मुलांवरच्या चाचण्यांसाठी मिळालेले ६ महिनेही दिसतात. फी तिथं दरवर्षी नसते. मंजुरीपासून साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी, आणि प्रत्येकीला सहा महिन्यांची सवलत. म्हणजे अमेरिकी पेटंट फीअभावी बंद पडायचं असेल तर चौथ्या, आठव्या किंवा बाराव्या वर्षी.

युरोपात २० वर्षांवर औषध आणि पीकसंरक्षणाच्या उत्पादनांना पूरक संरक्षण प्रमाणपत्र मिळतं, जास्तीत जास्त ५ वर्षं. ते देशादेशाच्या रजिस्टरात शोधावं लागतं.

अवजारवाल्यांना एक सूचना. बाजारात ‘पेटंट’ म्हणून दाखवला जाणारा कागद पुष्कळदा डिझाइनची नोंदणी असतो. तिची मुदत १० वर्षं आणि अर्ज केला तर आणखी ५, आणि ती फक्त बाह्य रूपाला लागते, यंत्र कसं चालतं त्याला नाही. ती पेटंटाच्या ई-रजिस्टरवर सापडणार नाही, डिझाइनचा शोध वेगळा आहे. जालन्याच्या बियाणे उद्योगानंही इनपासवर वाण शोधू नये. बियाणं आणि वाण पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नं बाहेरच ठेवले आहेत. त्यांची नोंद २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली होते: झाडं आणि वेलींना १८ वर्षं, इतर पिकांना १५. आधी अनुक्रमे ९ आणि ६ वर्षांचं प्रमाणपत्र, पुढचा काळ नूतनीकरणानं.

या सेवेनं सुधारायला हवं ते थोडंच, पण मोलाचं आहे. रजिस्टरवर समाप्तीची तारीख थेट लिहावी, मूळ अर्जाखाली फोडलेल्या अर्जांची यादी द्यावी, आणि मराठीत निदान रकान्यांची नावं असावीत. लातूर-नांदेडच्या लोहाराच्या वर्कशॉपमधून जो माणूस हे पान उघडतो, त्याच्यासाठी एवढा बदल फार मोठा ठरेल.

तोपर्यंत डाय किंवा मशिनची ऑर्डर देण्याच्या आठवड्यात ई-रजिस्टर पुन्हा एकदा उघडा, कारण मधल्या काळात फी भरली गेलेली असू शकते. पान पीडीएफ करून ठेवा, त्यावर काढल्याची तारीख हातानं लिहा, आणि स्थितीच्या पानाची प्रत त्याच्याच मागं लावून ऑर्डरच्या फाइलीत ठेवा.